दोन शब्दांचे गाव आणि ‘सापडले नाही’ : शोधचिन्हांचा इतिहास

१/ भोकरदन तालुक्यातील माझ्या गावाचे नाव दोन शब्दांचे आहे : पिंपळगाव रेणुकाई. हिरव्या मिरचीच्या बाजारामुळे ते जालना जिल्ह्याबाहेरही ओळखले जाते. महाराष्ट्रात पिंपळगावे पुष्कळ आहेत. नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत आहे, बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव राजा आहे. त्यांतले आमचे कोणते, हे सांगतो तो दुसरा शब्द, म्हणजे देवीचे नाव. हा दुसरा शब्द संगणकाने एकदा माझ्यापासून हिरावला आणि माझ्या प्रबंधाच्या टिपणांत एक खोटा निष्कर्ष शिरला. आजचा थ्रेड त्या चुकीच्या इतिहासाविषयी आहे. हा इतिहास पन्नास वर्षांहून जुना आहे.

२/ मराठवाड्याविषयीच्या छापील पुस्तकांचा आणि अहवालांचा संगणकावर उतरवलेला मजकूर माझ्याकडे शेकडो फायलींत होता. तो एकेक करून वाचण्यापेक्षा टर्मिनलवर ‘ग्रेप’ ही शोधाची आज्ञा द्यावी, असे ठरवले. (आज्ञा कळफलकावर रोमन अक्षरांतच द्यायच्या असतात, येथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत लिहीत आहे.)

ग्रेप पिंपळगाव रेणुकाई मजकूर/*

पडद्यावर ओळींचा पूर आला. ‘गावाचे उल्लेख विपुल’ असे मी वहीत नोंदवले. दोन दिवसांनी त्या ओळी सावकाश वाचू लागले, तर त्यांत द्राक्षे, कांदा आणि नाशिकचा रस्ता! बहुतेक उल्लेख बसवंताच्या पिंपळगावाचे होते.

३/ झाले असे होते. आपण टंकलेली ओळ थेट ग्रेपकडे जात नाही. ती आधी ‘शेल’ वाचते. शेल म्हणजे आज्ञा स्वीकारून योग्य त्या प्रोग्रामकडे सोपवणारा मध्यस्थ. शेलच्या दृष्टीने मोकळी जागा म्हणजे दोन वस्तूंमधली सीमा. म्हणून तिने ग्रेपला सांगितले : ‘पिंपळगाव’ हा शब्द शोध, तो ‘रेणुकाई’ नावाच्या फायलीत आणि मजकूर या फोल्डरमधल्या सर्व फायलींत शोध. ‘रेणुकाई’ नावाची फाइल नाही, ही तक्रार ग्रेपने पहिल्याच ओळीत केली होती; पण पुढच्या पुरात ती वर निघून गेली. योग्य आज्ञा अशी हवी होती :

ग्रेप 'पिंपळगाव रेणुकाई' मजकूर/*

दोन अवतरणचिन्हांचा काय तो फरक.

४/ ही चिन्हे अशी का वागतात, हे पाहण्यासाठी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातील मरे हिल येथे जावे लागेल. तेथील बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकारंभी केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी युनिक्स ही कार्यप्रणाली घडवत होते. आश्चर्य वाटेल, पण ग्रेपच्या जन्मकथेत इतिहासाच्या विद्यार्थ्यांना जवळचा वाटावा असा प्रश्न आहे : एखाद्या लेखनाचा कर्ता कोण?

५/ १७८७-८८ मध्ये अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ ‘पब्लियस’ या टोपणनावाने ८५ निबंध प्रसिद्ध झाले. त्यांना ‘फेडरलिस्ट पेपर्स’ म्हणतात. लेखक तिघे : हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे. यांतील १२ निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीर्घकाळ चालला. १९६४ मध्ये मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी साध्यासुध्या शब्दांच्या वारंवारितेवरून ते मॅडिसनचे असल्याचा निष्कर्ष मांडला. विषयाच्या शब्दांत लेखक सावध असतो. ‘वर’, ‘जेव्हा’ अशा बारीक शब्दांत मात्र त्याची सवय उघडी पडते.

६/ आपल्याकडेही हा प्रश्न अनोळखी नाही. ज्ञानेश्वरीचा कर्ता आणि अभंगकर्ता ज्ञानदेव हे एकच की दोन, हा वाद ‘भारद्वाज’ म्हणजेच शिवराम एकनाथ भारदे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा केला. त्यांच्या युक्तिवादात भाषेतील भेदाला महत्त्वाचे स्थान होते. असा शोध घेणाऱ्याने पूर्वी ओवीमागून ओवी हातानेच चाळायची. बेल प्रयोगशाळेतील ली मॅकमहॉन यांना फेडरलिस्ट पेपर्सच्या मजकुराचा अभ्यास यंत्राकडून करून घ्यायचा होता.

७/ अडचण अशी की युनिक्सच्या ‘ईडी’ या संपादकात तो सुमारे एक मेगाबाइटचा मजकूर मावत नव्हता. आज आपल्या भ्रमणध्वनीतले एखादे छायाचित्रही त्याहून मोठे असते. ब्रायन कर्निगन सांगतात की मॅकमहॉन यांची ही अडचण पाहून थॉम्प्सन यांनी संपादकातला शोधाचा भाग वेगळा काढला आणि स्वतंत्र साधन केले.

डग मॅकिलरॉय यांची आठवण थोडी निराळी आहे. त्यांच्या सांगण्यानुसार मागणी त्यांनी केली, आणि थॉम्प्सन यांनी दुसऱ्याच दिवशी साधन हाती दिले. वास्तविक ते थॉम्प्सन यांच्या खाजगी संग्रहात आधीपासूनच होते, रात्रीत केवळ त्यातल्या उणिवा दूर झाल्या.

दोघेही त्या प्रयोगशाळेतले, दोघेही विश्वासार्ह, आणि साक्षी दोन. ज्याला निमित्त जवळून दिसले त्याने निमित्त सांगितले, असे मानले तर दोन्ही एकत्र नांदू शकतात. कागदोपत्री पुरावा मात्र स्पष्ट आहे : नोव्हेंबर १९७३ च्या चौथ्या आवृत्तीच्या युनिक्स पुस्तिकेत ग्रेप हजर आहे.

८/ नावाची उकल त्या संपादकातल्या एका आज्ञेत आहे : जी/आरई/पी. ‘जी’ म्हणजे ग्लोबल, सर्व ओळींत. ‘आरई’ म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन. ‘पी’ म्हणजे प्रिंट, छापून दाखव. या रेग्युलर एक्स्प्रेशनला (लघुरूप ‘रेगेक्स’) आपण ‘नमुना’ म्हणू. त्याचे मूळ संगणकात नाही, मेंदूच्या अभ्यासात आहे. १९४३ मध्ये मॅकलक आणि पिट्स यांनी मज्जापेशींच्या जाळ्याचे गणिती प्रारूप मांडले. अशी जाळी नेमक्या कोणत्या घटनामालिका ओळखू शकतात, हे गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५१ मध्ये रँड संस्थेसाठी लिहिलेल्या टिपणात दाखवले. ते १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. आजचे ‘*’ हे पुनरावृत्तीचे चिन्ह ‘क्लेनी तारा’ म्हणून ओळखले जाते ते यामुळेच. १९६८ मध्ये थॉम्प्सन यांनी या कल्पनेवरून मजकूर शोधण्याची रीत प्रसिद्ध केली.

९/ नमुन्यातली काही चिन्हे स्वतःसाठी उभी राहत नाहीत :

. कोणतेही एक चिन्ह
* आधीचे चिन्ह शून्य किंवा अधिक वेळा
^ ओळीचा आरंभ
$ ओळीचा शेवट
[ ] कंसातल्यांपैकी कोणतेही एक
\ पुढच्या चिन्हाचा विशेष अर्थ काढून घे

दरम्यान शेलची स्वतंत्र वाट चालली होती. १९७१ च्या पहिल्याच आवृत्तीत ‘ग्लॉब’ नावाचा छोटा प्रोग्राम होता. तो ‘*’ पाहिला की फायलींची नावे भरून देई. येथे ‘*’ चा अर्थ ‘काहीही’ असा होता. १९७३ मध्ये एका प्रोग्रामचे उत्तर दुसऱ्याकडे वाहून नेणारी नळी, म्हणजे पाइप, आली. पुढे तिचे चिन्ह ‘|’ असे रूढ झाले.

१०/ म्हणजे एकाच इमारतीत, त्याच माणसांच्या हातून, दोन लिपी वाढल्या. कळफलकावरच्या विरामचिन्हांचा साठा तुटपुंजा होता. त्यामुळे तीच चिन्हे दोन्हीकडे वापरली गेली. तारा शेलला एक सांगतो, ग्रेपला दुसरे. ‘$’ शेलला साठवलेल्या मूल्याचे नाव सुचवतो, ग्रेपला ओळीचा शेवट. ‘|’ शेलला नळी, विस्तारित नमुन्यात ‘किंवा’. उलटी तिरपी रेघ दोघांनाही सूट मागण्याचे चिन्ह वाटते. आणि आपली ओळ शेल नेहमी आधी वाचते. ग्रेपसाठी लिहिलेली चिन्हे वाटेतच शेलच्या हाती पडतात.

११/ उदाहरण घरचेच घेऊ. जुन्या मजकुरात तालुका दाखवायला ‘ता.’ लिहितात. तो शोधायचा आहे.

ग्रेप 'ता.' मजकूर/*

येथे टिंब म्हणजे ‘कोणतेही चिन्ह’. म्हणून ‘तार’, ‘सातारा’, ‘माता होती’ असे सारे जाळ्यात येते. टिंब हे टिंबच, असे सांगायला आधी उलटी रेघ हवी. कोणी घाईत लिहितो :

ग्रेप ता\. मजकूर/*

उत्तर पुन्हा तेच! कारण रेघ शेलने पाहिली, सूट तिलाच मागितली आहे असे समजून ती खाऊन टाकली, आणि ग्रेपच्या हाती नुसते ‘ता.’ पडले. अवतरणात ठेवले की रेघ सुखरूप पोहोचते :

ग्रेप 'ता\.' मजकूर/*

जेथे नमुना नकोच, शब्दशः शोध हवा, तेथे ग्रेपला ‘-एफ’ हा पर्याय द्यावा. मग टिंब टिंबच राहते. अवतरण मात्र तेव्हाही सोडू नये.

१२/ अवतरणे दोन प्रकारची आहेत. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बॉर्न यांचे शेल आले. आजच्या बहुतेक शेल त्याच परंपरेतल्या. त्यात एकेरी अवतरणातला मजकूर मोहोरबंद लखोट्यासारखा : शेल आत डोकावत नाही. दुहेरी अवतरणात मोकळ्या जागा, तारा, कंस सुरक्षित राहतात. परंतु ‘$’, उलटे अवतरण आणि काही ठिकाणी उलटी रेघ यांचे अर्थ शेल लावतेच. म्हणून नमुना एकेरीत ठेवण्याची सवय लावावी. नमुन्यातच एकेरी अवतरणचिन्ह असेल तर दुहेरी वापरावे. एकेरीच्या आत एकेरी मावत नाही.

१३/ येथे एक सावधगिरी. भ्रमणध्वनी आणि लेखनाचे प्रोग्राम सरळ अवतरणचिन्हांची बाकदार चिन्हे करून टाकतात. छपाईत ती सुंदर दिसतात, पण शेल त्यांना अवतरण मानतच नाही. तिच्या लेखी ती ‘क’, ‘ख’ सारखीच साधी चिन्हे. तुम्ही या थ्रेडमधून एखादी आज्ञा उचललीत आणि वाटेत चिन्हे वाकली, तर पिंपळगाव पुन्हा रेणुकाईपासून तुटेल. अवतरणचिन्हे नेहमी हाताने टंकावीत.

१४/ काही चुका ओरडतात. अवतरणाविना ‘रेणुकाई|रेणुकादेवी’ लिहिले, तर शेल ‘रेणुकादेवी’ नावाचा प्रोग्राम शोधते आणि तो नाही असे सांगते. अशी चूक लगेच दुरुस्त होते. धोका मूक चुकांचा आहे. समजा, कामाच्या फोल्डरमध्ये ‘रेणुका-१’ आणि ‘रेणुका-२’ या फायली आहेत आणि मी लिहिले :

ग्रेप रेणुका* मजकूर/*

शेल ताऱ्याच्या जागी फायलींची नावे भरते. ग्रेपला मिळते ते असे : ‘रेणुका-१’ हा नमुना ‘रेणुका-२’ या फायलीत आणि मजकुरात शोध. तसा मजकूर कोठेच नसतो. पडदा कोरा राहतो, तक्रारही होत नाही. ‘देवीचा उल्लेख नाही’ असे मी नोंदवून मोकळी होणार! आज्ञेच्या आधी ‘एको’ हा शब्द लावून पाहिले, तर ग्रेप न चालवता शेल त्या ओळीचे काय करते ते समोर दिसते.

१५/ आता लिपीकडे वळू. माझ्या आजच्या नोंदीत ‘पिंपळगाव’ आहे, परंतु जुन्या छपाईत ‘पिंपळगांव’. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. ‘नांव’, ‘गांव’ यांचे ‘नाव’, ‘गाव’ झाले. म्हणजे केवळ ‘गाव’ शोधणारा अभ्यासक नकळत १९६२ पूर्वीचा बराचसा मजकूर वगळतो. त्यावर उपाय नमुन्यात आहे :

ग्रेप -ई 'पिं?पळगां?व +रेण[ुू]काई' मजकूर/*

‘?’ म्हणजे आधीचे चिन्ह असो वा नसो. ‘+’ म्हणजे एक किंवा अधिक, येथे मोकळ्या जागा. कंसात ऱ्हस्व किंवा दीर्घ उकार. पहिला ‘?’ मजकूर उतरवताना गळालेल्या अनुस्वारासाठी आहे. दोन शब्द दोन ओळींत तुटले असतील तर मात्र हाही नमुना चुकेल, कारण ग्रेप एका वेळी एकच ओळ पाहते. तेथे ‘रेण[ुू]काई’ हे एकटेच शोधून पाहावे.

१६/ हा ‘-ई’ (रोमन मोठी ई) कशासाठी? मूळ ग्रेपमध्ये ‘?’, ‘+’, ‘|’ ही साधी चिन्हे होती. अल्फ्रेड आहो यांच्या ‘ईग्रेप’ने त्यांना विशेष अर्थ दिले. जुन्या आज्ञा मोडू नयेत म्हणून दोन्ही बोली टिकल्या, आणि १९९२ च्या पॉझिक्स प्रमाणकात ‘मूलभूत’ व ‘विस्तारित’ म्हणून दोघींना मान्यता मिळाली. ‘-ई’ विसरलात तर ग्रेप खरोखरचे प्रश्नचिन्ह शोधत बसेल. गावाच्या नावात प्रश्नचिन्ह कोण छापणार? पडदा पुन्हा कोरा.

१७/ सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन पुन्हा या कथेत येतात. न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात, ताटाखालच्या कागदावर, त्यांनी रॉब पाइक यांच्यासमवेत ‘यूटीएफ-८’ ही संकेतपद्धती आखली. आज जगभरचा मजकूर, आपली देवनागरीही, मुख्यतः त्याच पद्धतीने साठवला जातो. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. ‘पिं’ आपल्या डोळ्यांना एक अक्षर. यंत्राला प, वेलांटी आणि अनुस्वार अशी तीन चिन्हे, नऊ बाइट. म्हणून ‘पिं’च्या जागी टिंबे द्यायची तर एक पुरत नाही, तीन लागतात. आणि संगणकाची भाषा-मांडणी जुन्या ‘सी’ प्रकारावर असेल, तर ग्रेप चिन्हे न मोजता सुटे बाइट मोजते. मग वरच्या नमुन्यातला ‘?’ अनुस्वाराच्या फक्त शेवटच्या बाइटला लागू होतो आणि ‘पिंपळगाव’ हाती लागत नाही.

१८/ जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचे नाव शोधून पाहा. त्यातला ‘ऱ्या’ तीन तऱ्हांनी साठवलेला सापडतो : ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह, ‘र’ खाली नुक्ता, किंवा ‘र्’ आणि ‘य’ यांच्या मध्ये न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, ग्रेपला मात्र ते तीन निरनिराळे शब्द आहेत. युनिकोडपूर्वीच्या फाँटांत टंकलेल्या फायलींत तर देवनागरी नसतेच. आत रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि फाँट त्यांना मराठीचा पोशाख चढवतो. तेथे युनिकोड मराठीतला कोणताही नमुना हात हलवत परत येतो. आधी रूपांतर, मग शोध.

१९/ एवढे साधले तरी नमुन्याला इतिहास कळत नाही. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्यापूर्वी भोकरदन तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता, आणि १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात. ‘जालना जिल्हा’ म्हणून १९५० चा अहवाल चाळणाऱ्याला काही मिळणार नाही. त्याहून मागे गेले तर भोकरदनच ‘भोगवर्धन’ होते. कोणत्या काळी कोणते नाव, हे आपणच पुरवायचे असते.

२०/ शेवटी ग्रेपच्या घडणीतली एक गोष्ट, जी मला कोणत्याही संशोधनपद्धतीच्या तासाइतकी मोलाची वाटते. काम संपले की ग्रेप मूकपणे एक अंक मागे ठेवते. लगेच ‘एको $?’ लिहिले की तो दिसतो. ० म्हणजे सापडले. १ म्हणजे पाहिले, पण सापडले नाही. २ म्हणजे पाहण्यातच अडचण आली. माझ्या त्या पहिल्या शोधाचा अंक २ होता. मी तो विचारलाच नाही.

‘नाही’ आणि ‘पाहता आले नाही’ यांत हे साधन भेद करते. आपण टिपण लिहिताना पुष्कळदा करत नाही. आणि अंक १ आला तरी तो फक्त एवढेच सांगतो, की ग्रेपच्या हाती पडलेला नमुना मिळाला नाही. तो नमुना तुमच्या मनातला होता का, याची ग्वाही तो देत नाही.

२१/ म्हणून आता माझा नेम असा. जी ओळ मी डोळ्यांनी पुस्तकात वाचली आहे, ती आधी शोधून पाहते. ती सापडली नाही, तर दोष नमुन्यात, अवतरणात किंवा लिपीत आहे. गावाच्या इतिहासात नाही. ती सापडली, मगच अनोळखी मजकुरात उतरते. आणि प्रबंधात ‘उल्लेख आढळत नाही’ असे लिहिताना कोणता नमुना, कोणत्या फायली, हेही नोंदवते, म्हणजे पुढच्याला माझी चूक पकडता येईल.

वहीतली ‘विपुल’ ही नोंद खोडली आहे. नव्या नमुन्याने पिंपळगाव रेणुकाईचे उल्लेख थोडेच मिळाले, पण ते आमच्याच गावाचे आहेत.

तुमच्या गावाचे नाव जुन्या छपाईत किती तऱ्हांनी लिहिलेले आढळते? खाली जरूर लिहा. त्या प्रत्येक रूपासाठी नमुना मिळून तयार करू.